मेणात कोरलेल्या जिजी

हेमचंद्रला माणसांची हौस नव्हती, माणसांना यंत्रं ऐकवण्याची होती. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या त्याच्या घराचं बेसमेंट चावीच्या फोनोग्राफांनी भरलेलं होतं. दिवसभर रंगांच्या कंपनीत केमिस्टचं काम करायचं आणि शनिवार उजाडला की जर्सीतले जुने बाजार धुंडाळायचे, हा त्याचा नेम. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतंच, फक्त ते घरातलं दुसरं माणूस मोजतं.

त्याच्याकडच्या तबकड्याही जगावेगळ्या होत्या. एकीवर एक गोरा तीन मिनिटं नुसता हसत होता. दुसरीवर कुणी तरी तोंडाने अख्खा गोठा उभा केला होता. तिसरी मधून सुरू होऊन कडेला संपायची. जेवायला आलेल्या पाहुण्यांना आधी खाली उतरून हे सगळं ऐकावं लागे. मराठी माणूस फुकटच्या जेवणासाठी बरंच काही सोसतो, तसं तेही सोसत.

पण खरा मान होता तो एका मेणाच्या नळीला. हाताच्या पंजाएवढी, तपकिरी, आतून पोकळ. तबकडी यायच्या आधी आवाज अशा नळ्यांवर कोरत असत, आणि हेमचंद्रकडे तो कोरायचं यंत्रही होतं. १९८३ च्या उन्हाळ्यात त्याची आई, जिजी, मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा त्याने तिला कर्ण्यासमोर बसवलं आणि बोल म्हणाला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात जिजी मिरजेत वारल्या. हा पोचला तेव्हा तेरावं उरकलं होतं. त्याच्या हाती आईचं म्हणून काही उरलं असेल, तर ही दोन मिनिटांची नळी.

त्या दोन मिनिटांत जिजींनी आधी देवाचं नाव घेतलं, मग लेकाला आशीर्वाद दिला. मग मागून हेमचंद्रचा आवाज येतो, "सुनेबद्दल सांग ना काही." जिजी खोकतात, आणि कर्ण्यात तोंड घालून ठणठणीत आवाजात सांगतात:

"सून शिकलेली आहे, गोरी आहे. पण हाताला चव नाही आणि पोटाला बरकत नाही. एक पोरगी झाली आणि संपलं. माझा हेमू तेरा वर्षं उपाशी जेवतोय."

त्या सुनेच्या, पद्मजाच्या, हाताला चव होती की नाही, याचा निकाल कोण देणार? पातेली तरी दर वेळी रिकामी होत. पोटाचं म्हणाल, तर लेक विनीताच्या आधी एक आणि नंतर एक, अशी दोन मुलं तिच्या पोटातच गेली होती. जिजींना हे ठाऊक होतं. हेमचंद्रला तर होतंच.

तरी दर वर्षी जिजींच्या तिथीनंतरच्या रविवारी, कारण अमेरिकेत तिथीला सुट्टी कोण देतो, तो पंधरा-वीस माणसं बोलवायचा आणि नळी लावायचा. आईच्या पहिल्या शब्दाला त्याचे डोळे भरून येत. शेवटच्या वाक्याला पाहुणे हसत. पद्मजा ताटं घेऊन जिन्यात उभी असे.

बरं, हसणं बेसमेंटमध्ये राहिलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण 'उपाशी जेवणं' ही त्यांच्या महाराष्ट्र मंडळाची म्हणच होऊन बसली. जवळच्या आयसेलिन गावचे कुमार काका, ज्यांना स्वतःचा विनोद कधी सुचला नाही आणि दुसऱ्याचा कधी सोडवला नाही, ते संक्रांतीच्या जेवणात भर पंगतीत तिला म्हणाले, "काय वहिनी, आज आम्हीही उपाशीच जेवायचं ना?" पंगत हसली. भारतातून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं, त्यांना विनोद कळला नाही. सुमेधाने, कुमार काकांच्या बायकोने, तो त्यांना बरकतीसकट समजावून सांगितला. मग तेही हसले.

त्या संध्याकाळी गाडीतच पद्मजाने विषय काढला. ती नळी लोकांसमोर लावू नका, एवढंच तिचं म्हणणं होतं. हेमचंद्र म्हणाला की ती फार मनाला लावून घेते, म्हाताऱ्या माणसाची ती गंमत होती. मग वर म्हणाला, "आणि मी तरी कुठे सारखी लावतो? मेण आहे ते. प्रत्येक वेळी सुई थोडं खरवडून काढते. साठ-सत्तर वेळा वाजवली की नुसती खरखर उरेल. म्हणून तर वर्षातून एकदाच."

पद्मजाने साठ-सत्तर हा आकडा मनात ठेवला.

नळी फोडणं सोपं होतं. पण फोडली असती तर सासूचा आवाज फोडणारी सून म्हणून ती जन्मभर मिरवली असती, आणि मंडळाला नवी म्हण मिळाली असती. झिजण्याचा दोष मात्र कुणाला देता येत नाही. मेण झिजतंच.

ती बँकेतून तीनला घरी यायची. विनीता शाळेच्या बसने त्याच सुमारास येऊन वर आपल्या खोलीत टीव्हीसमोर पडायची. हेमचंद्र सहाच्या आत कधी आला नाही. त्या मधल्या वेळात पद्मजा खाली उतरू लागली. चावी द्यायची, नळी चढवायची, सुई टेकवायची. नवऱ्याला शेकडो वेळा बघितलं होतं, शिकायला काही लागलं नाही.

पहिल्या दिवशी ती ऐकता ऐकता रडली. आपलाच अपमान आपल्याच हाताने चावी देऊन ऐकायचा, ही शिक्षा कुठल्या सासूलाही सुचली नसती. पण आवाज घालवायचा तर तो ऐकल्याशिवाय जात नव्हता. मध्येच सुई उचलून चालत नव्हतं, नेमकं तेच वाक्य शेवटाला होतं. म्हणून आधीचं देवाचं नाव, आधीचा आशीर्वाद, सगळं ऐकायचं आणि मग ते ऐकायचं. रोज दोनदा. कधी तीनदा.

विसाव्या-पंचविसाव्या वेळी तिचं रडणं थांबलं आणि तिला बारीकसारीक ऐकू येऊ लागलं. जिजींच्या बांगड्यांचा आवाज. 'बरकत'च्या आधी घेतलेला श्वास. आणि अगदी शेवटी, जिजी थांबल्यावर, दूर मागे कुणाचं तरी हसणं. इतकी वर्षं पाहुण्यांच्या हसण्यात ते बुडून गेलं होतं. तो हेमचंद्र होता. जिजींचा तिला राग होता, पण त्या हसण्याने तिचा जीव जळला. त्या दिवशी तिने नळी चार वेळा लावली.

ते हसणंच आधी पुसलं गेलं, कर्ण्यापासून दूर होतं ना. मग बांगड्या गेल्या. सत्तर वेळा वाजवून झाली तरी जिजी बोलतच होत्या, आयुष्यातही त्या सत्तरीत गप्प बसल्या नव्हत्या. हिवाळा गेला, घराभोवतीचं बर्फ वितळलं. पद्मजा रोज मऊ ब्रशने मेणाची पांढरी भुकटी झाडून टाकायची आणि नळी डबीत होती तशी ठेवायची. जूनमध्ये 'हाताला चव' एवढंच कळत होतं. ऑगस्टमध्ये तेही गेलं. त्या दिवशी तिने कित्येक वर्षांनी स्वतःसाठी म्हणून शिरा केला आणि गरम गरम खाल्ला.

नोव्हेंबरातला रविवार आला. माणसं जमली. हसणारा गोरा झाला, गोठा झाला. हेमचंद्रने डबीतून नळी काढली, डोळे मिटून चावी दिली आणि सुई टेकवली.

खरखर.

त्याने सुई उचलून पुन्हा टेकवली. सुई बदलली. कर्णा काढून परत बसवला. हेमचंद्र खुर्चीत बसला आणि "आई गेली," म्हणाला. पाच वर्षांपूर्वी मिरजेतही तो इतका रडला नव्हता. जिन्यात उभ्या पद्मजाला त्याची दया आली नाही. तिला हलकं वाटत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

तेवढ्यात विनीता उठली. बारा वर्षांची, घरात जास्त करून इंग्रजीच बोलायची. वडिलांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "डॅड, डोन्ट क्राय. आय नो इट. मॉम रोज लावायची ना. माझ्या रूममधल्या हीटिंगच्या व्हेंटमधून सगळं ऐकू येतं."

आणि ती मधोमध उभी राहिली. देवाचं नाव घेतलं. आशीर्वाद दिला. जिजींसारखी खोकली. मग त्याच ठणठणीत मिरजी आवाजात, जिजी घ्यायच्या तिथेच श्वास घेत, एकही अक्षर न चुकता तिने सगळं म्हटलं. "एक पोरगी झाली आणि संपलं," हेही म्हटलं, त्या पोरगीनेच. शेवटच्या वाक्याला बेसमेंट हसून कोसळलं. टाळ्या पडल्या. अमेरिकेत वाढून किती शुद्ध मराठी, आमच्या राजीवला तर 'पाणी दे' म्हणता येत नाही, असं सुमेधा पद्मजाला कौतुकाने सांगत होती.

हेमचंद्र तेवढा हसला नाही. रोज लावल्याने मेणाचं काय होतं, हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो पद्मजाकडे बघत होता. मग उठला, डोळे पुसले, कपाटातून एक कोरी नळी काढून यंत्रावर चढवली आणि कोरायची सुई बसवली. विनीताला कर्ण्यासमोर उभं केलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणायला सांगितलं.

"पद्मजा, इकडे ये," तो म्हणाला. "चावी तू दे. तुझा हात चांगला बसलाय."

सगळे वाट बघत होते. पद्मजाने ताटं जिन्यावर ठेवली, खाली आली आणि चावी दिली. विनीताने तिच्याकडे बघून, बरोबर येतंय ना, असं खुणेनेच विचारलं. पद्मजाने मान हलवली. मग पोरीने कर्ण्यात तोंड घातलं आणि देवाचं नाव घेतलं.