पाठीवरच्या नाड्या

नाटक कंपनीत एकतीस वर्षं कपडेपट सांभाळलेल्या बाईंना सगळे अक्का म्हणत. रंगमंचावरचा राजा असो की नुसता भाला धरून उभा राहणारा शिपाई, अक्कांसमोर प्रत्येकाची मान खाली. त्याशिवाय मानेमागचं टिचबटण लावणार कसं? अंधाऱ्या विंगेत, दातात बॅटरी धरून, त्या मिनिटभरात भिकाऱ्याचा सेनापती करून पाठवायच्या.

कंपनी बंद पडली ती भांडणतंट्याने नव्हे. मालक थकले, प्रेक्षक पांगले, एवढंच. मखमली डगले पेट्यांसकट गेले आणि साठीला टेकलेल्या अक्का रिकाम्या हातांनी भाच्याच्या घरी येऊन बसल्या. भाच्याने खटपट करून त्यांना एका इस्पितळात चिकटवलं. तळघरातली खोली, भिंतीभर फळ्या, त्यांवर चादरी, अभ्रे आणि रुग्णांचे गाऊन. धुऊन आलेलं मोजायचं, घड्या घालायच्या, वर पाठवायचं.

अक्कांनी काम चोख केलं, पण जीव ओतला नाही. सगळे एकाच मापाचे, एकाच विटक्या निळ्या रंगाचे, आत कोण शिरणार याचा पत्ता नाही, असं त्या भाच्याला म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मुख्य कारकुनांना सांगूनच टाकलं, की शनिवारनंतर मी यायची नाही. कंपनीबाहेर आपण कुणीच नाही, हे त्यांनी मनाशी जवळजवळ मान्य करून टाकलं होतं.

गुरुवारी सकाळी वरून निरोप आला, एक गाऊन पाठवा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा अक्का स्वतःच गाऊन घेऊन जिना चढल्या.

खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर बसले होते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला त्यांचा नंबर लागला होता, ढकलगाडी दाराशी उभी होती, आणि मास्तर काही अंगातला सदरा उतरवेनात. सिस्टर समजावून दमली होती. बाहेर माझे जुने विद्यार्थी बसलेत, त्यांच्यासमोरून मी उघड्या पाठीने जायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दोन गाऊन अक्कांपुढे धरले. एकाला मागे एकच नाडी, दुसऱ्याला तीही नाही. अक्कांनी हातातला तिसरा उलटून पाहिला. त्याच्याही सगळ्या नाड्या उपटलेल्या.

तिन्ही घड्या त्यांच्याच हातच्या होत्या.

अक्कांचे कान तापले. कंपनीत कुणाचा एक हूक तुटका असता तरी त्यांनी पडदा थांबवला असता. आणि इथे घाबरलेल्या माणसांना त्या तीन आठवडे असे गाऊन पाठवत होत्या, बिनचूक मोजून.

"चूक माझी आहे मास्तर," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं द्या मला."

सिस्टरच्या कप्प्यात सुईदोरा निघाला, पण नाडी कुठली असायला? अक्कांनी बँडेजच्या पट्ट्या कापल्या, चौपदरी दुमडल्या आणि पटापट टाके घालून पाठीला सहा जोडल्या. पडदा ओढून मास्तरांना उभं केलं, बाही मुठीत गोळा करून हातावर चढवली. मास्तरांचे खांदे थरथरत होते. असे खांदे अक्कांनी विंगेत खूप पाहिले होते, भल्याभल्यांचे. तिथे धीराचे शब्द कामाला येत नाहीत, सांगायचं ते फक्त पुढचं काम. म्हणून त्या एवढंच म्हणत राहिल्या, हात वर, श्वास सोडा, आता वळा. आडवं झाल्यावर टोचू नये म्हणून प्रत्येक गाठ त्यांनी बगलेकडे घेतली.

मास्तरांनी मान वळवून विचारलं, "कसा दिसतोय?"

"समोरून बेताचेच," अक्का म्हणाल्या. "पाठमोरे मात्र झकास."

सिस्टर फिसकन हसली. मास्तरही हसले, आणि कुणी हात द्यायच्या आत ढकलगाडीवर चढून आडवे झाले.

अक्का खाली आल्या. त्यांनी फळीवरचे सगळे गाऊन जमिनीवर उतरवले आणि एकेक उलटून पाहायला बसल्या.

शनिवारी कारकून सोडचिठ्ठीचा कागद सहीला घेऊन आले, तेव्हा त्यांना दारातून आत पाऊल टाकायला जागा नव्हती. हा काय पसारा, असं त्यांनी विचारलं.

"साहेब, माझं जाणं जरा लांबलंय," अक्का चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. "यातले निम्मे नाड्यांवाचून आहेत. मला पांढरी नाडी मागवून द्या, बोटभर रुंदीची. बँडेजची धुण्यात टिकायची नाही."

कारकून म्हणाले, त्यासाठी लेखी मागणी करावी लागते.

"मग तुमच्या हातातला कागद मागून कोराच आहे की," अक्का म्हणाल्या. "त्यावर लिहा. मी सांगते."