पोरीला चौथ्या दिवशी कामावर पाठवलं

माझी बायको शनिवारी वारली आणि मंगळवारी मी पोरीला दिल्लीच्या गाडीत बसवून दिलं. जालन्याच्या स्टेशनावर तिने मला विचारलं, "बाबा, खरंच जाऊ का?" मी म्हणालो, "जाय. अन् तिथं कोणाले काही सांगू नको." हे मीच म्हणालो, दुसऱ्या कोणी नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायला मला वेळ लागतो. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

साखरखेर्ड्याजवळ आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत आमची पिठाची चक्की होती, अजून आहे, आता बंद असते. चक्की बायको चालवायची. मी बेल्ट बघायचो, दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने टाचायचो, बाकी सगळं तिचं. भुवयांवर सदा पीठ. चक्कीच्या आवाजाने तिला थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून ती घरातही ओरडूनच बोलायची. मी तिला त्यावरून फार बोललो आहे. आता घरात कोणी ओरडत नाही.

लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर आम्हाला ही एकच पोरगी झाली. चक्कीपाशीच वाढली. वीज गेली की बायांचे डबे भिंतीशी रांगेत लागायचे आणि पोरगी विचारायची, "माय, लाइट याच टायमाले काऊन जाते?" तिच्या मायला ते सांगता यायचं नाही. मलाही नाही. पोरगी इंजिनिअर झाली त्याच्या मागे हे एक असावं, असं मला वाटतं. तिला मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजातच तिची निवड झाली. घरी येऊन सांगायला लागली तर मला काही समजेना.

"म्हणजे वीज मंडळात लागली का?"

"मंडळात नाही बाबा. कंपनी हाय, दिल्लीपाशी गुडगावले. विजेच्या बाजाराचा सल्ला देते."

"विजेचा बाजार? पोत्यात भरून आणतात का लेकाचे?"

बायको हात झटकत चक्कीतून बाहेर आली. "तुम्ही चूप बसा जरा. सांग व माय तू."

पोरीने सांगितलं ते असं. चिखलीच्या बाजारात सोयाबीनचा भाव असतो तसा विजेलाही भाव असतो, पण दर पंधरा मिनिटांचा वेगळा. दुपारी ऊन तापलं की सोलरची वीज भरपूर होते आणि भाव पडतो. दिवस बुडाला की सगळे एकदम दिवे लावतात आणि भाव चढतो. ज्याला सोलरचा मोठा प्लांट टाकायचा आहे, किंवा ज्याचा कारखाना आहे, तो यांच्या कंपनीला विचारतो, अजून दहा वर्षांनी भाव काय राहील. हे कॉम्प्युटरवर मांडणी करून सांगतात.

"अन् चुकला तर?" मी विचारलं.

"चुकतेच बाबा. कितीक चुकू शकते, हेबी सांगा लागते."

"मंग त्यात काय सल्ला आला?"

"तुम्हाले नाही समजत तर बसा," बायको म्हणाली. तिला ते समजलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती ओरडून सांगायची, "माही पोरगी विजेचा भाव सांगणार हाय!" शेजारची एकजण म्हणाली, "मंग तिले म्हणा, आपल्या गावची लाइट दुपारची नेऊ नको बाप्पा, दळण राह्यते." त्यावर दोघी किती हसल्या. बायकोला त्याआधी तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही, कारण दोन महिन्यांत ती गेली.

चक्की चालू असतानाच तिच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घालून मेहकरला न्यायला निघालो, पण रस्त्यातच तिचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं. पोरगी पुढच्या सीटवर होती. ती मागे वळून बघत होती आणि मी तिला म्हणत होतो, "समोर पाह्य, समोर."

तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आलो. पाहुणे अंगणात बसले होते. पोरगी आत चक्कीच्या खोलीत कंपनीचं पत्र घेऊन बसली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. एक तारीख गुरुवारी येत होती. पत्रात एक ओळ होती, ती तिने मला मराठीत सांगितली. त्या तारखेला हजर झाला नाही तर हे पत्र रद्द समजावं.

"बाबा, मी त्याहिले लिहू का? तेरवीपर्यंतचा टाइम मागते."

"अजिबात नाही."

"एक मेल तर टाकायचा हाय."

"पोरी, तुले दुनिया माहीत नाही."

मला दुनिया माहीत आहे असं मला वाटत होतं. का वाटत होतं ते सांगतो. जवानीत मी लाइनीच्या ठेकेदाराकडे होतो. खांब रोवायचे, तारा ओढायच्या. माझा बाप वारला तेव्हा मी ठेकेदाराला सांगून गावी आलो, तेरवी केली, केस उतरवलेल्या डोक्याने परत गेलो. माझ्या जागेवर दुसरा माणूस खांबावर चढलेला होता. ठेकेदार खाली खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "तुहा बाप मेला बे, माहं काम थोडीच मेलं?" माझ्यासोबतचे जे थांबले ते पुढे मंडळात कायम झाले. त्यांना आज पेन्शन आहे. मी चक्की टाकली.

तर मी पोरीला ते सांगितलं. तिने ते आधीही ऐकलं होतं. मी म्हणालो, "मागायले गेलं की समोरच्याले समजते, याच्याबिगर चालते. मागू नको. अन् माय मेली हे सांगू नको. नव्या माणसाच्या मागं रडगाणं असलं की साहेब लोकाले आवडत नाही." तिने पत्राची घडी घातली. मग उठून बॅग भरायला लागली. तिला माझं ऐकायची सवय होती. अकरावीला कोणती शाखा घ्यायची इथपासून ती मला विचारायची, आणि मला काही समजत नसलं तरी मी सांगायचो.

तेरवीला माझी मोठी बहीण आली. दोन घास खाल्ल्यावर तिने पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "पोरगी कुठं हाय रे?"

"गेली. नोकरीवर."

"मायची राख गरम हाय अजून. अशी कशी गेली?"

तेव्हा मी बोलायचं होतं. तोंडात दुसरंच आलं. "आजकालच्या पोरी ऐकतात का कोणाचं?" मी म्हणालो. चारपाच माना हलल्या. कोणीतरी म्हणालं, शिकवलं की असंच होते. मी पानावरचा भात कालवत राहिलो.

पोरगी रोज फोन करायची. कामाचं सांगायची. पहिले दोन महिने त्यांना शिकवतच होते. कोणत्या राज्यात किती वीज लागते, कोळसा कुठून येतो, वारा कधी वाहतो, ते सगळं रकान्यांत भरायचं आणि सकाळी साहेबाला दाखवायचं. साहेब म्हणजे एक बाईच होती, तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठी. रकाना चुकला की ती रागवायची नाही, शेजारी खुर्ची ओढून बसायची. "चांगली हाय ते," पोरगी म्हणायची. मी म्हणायचो, "चांगली असली तरी काही सांगू नको."

एक गोष्ट तिने मला फार उशिरा सांगितली. पहिल्याच दिवशी सगळ्या नव्या पोरापोरींना गोल बसवून घरी कोण कोण आहे ते विचारलं होतं. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, "बाबा आहेत, आणि आई पिठाची चक्की चालवते." मायला जाऊन तो सहावा दिवस होता. तिथल्या पोरांना ते फार आवडलं. मग कोणी गावाहून डबा आणला की हिला विचारायचे, तुझ्या आईने काय पाठवलं? आईच्या चक्कीचं पीठ आण एकदा. ही हो म्हणायची. पाच महिने ती तिथे मेलेल्या मायला जिवंत ठेवून होती, आणि ते मी करायला लावलं होतं.

मग विम्याचा फॉर्म आला. कंपनी आईबापाचाही विमा काढते. हिने माझं नाव भरलं आणि आईचा रकाना मोकळा सोडला. ऑफिसातल्या बाईने बोलावून विचारलं, आईची जन्मतारीख राहिली का? तिथे ही खुर्चीतच कोसळली. तिची साहेबबाई धावत आली. सगळं कळल्यावर तिने एवढंच विचारलं, अगं, एक मेल का नाही टाकला? आम्ही तुला महिनाभर पुढची तारीख दिली असती. ती ओळ तर सगळ्यांच्याच पत्रात असते.

हे पोरीने मला फोनवर सांगितलं. आवाज एकदम सपाट होता.

"बाबा, इथं एका पोराचं कुत्रं मेलं मागच्या महिन्यात. त्याले दोन दिवस सुट्टी भेटली."

"कुत्र्यासाठी?"

"हाव. त्यानं मागितली."

  फोन चालू होता, तिच्याकडच्या गाड्यांचे हॉर्न मला ऐकू येत होते.

त्यानंतर ती आठ दिवसांची सुट्टी घेऊन घरी आली. आली आणि चक्कीची खोली धुवायला काढली. दगडाच्या फटीत पीठ अडकून काळं पडलं होतं, ते खिळ्याने खरवडत बसायची. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुम्ही बसा बाबा." रागाने नाही म्हणाली. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी बहीण भेटायला आली. पोरगी पाया पडली. बहिणीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हात तिथेच असताना म्हणाली, "काय व पोरी, तेरा दिवस निघाले नाही तुह्याच्यानं? बापाचंबी ऐकलं नाही म्हणे. मायपेक्षा नोकरी जास्त झाली?"

पोरगी उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाजेवर बसलो होतो. तिच्या बघण्यावरून मला समजलं, की मी तेरवीला काय म्हणालो ते तिला आता कळलं आहे. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. पाच नाही, दहा श्वास घेता येतील एवढा वेळ थांबली. मी बाजेची सैल दोरी ओढून बसवत राहिलो.

मग ती आत्याला म्हणाली, "हाव आत्या. मलेच घाई होती."

"हाय का नाही! म्हटलंच मी," बहीण म्हणाली, आणि चहा मागितला. पोरीने चहा केला, तिला कपबशीत घालून दिला, जिपेपर्यंत पोचवून आली.

ती परत आल्यावर मी विचारलं, "खोटं काऊन बोलली?"

ती दारातली चप्पल सरळ करत होती. "तुम्हाले या गावात राहायचं हाय बाबा. मले नाही."

सुट्टी संपायच्या एक दिवस आधी ती गेली. कंपनीने तिला आता कायम केलं आहे. दोन वर्षांसाठी परदेशातल्या ऑफिसात पाठवणार आहेत, तिने हो म्हणून टाकलं. मला कळलं ते व्हिसाचे कागद झाल्यावर. आधी मला विचारलं नाही, आणि मी तिच्या जागी असतो तर मीही विचारलं नसतं.

बहिणीला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या घरी दोनदा जाऊन चहा पिऊन परत आलो. तिला वाचता येत नाही. हे छापून आलं तर तिचा नातू तिला वाचून दाखवील.