शिडाखालच्या दोन रात्री

आमच्या तोंडवलीच्या किनाऱ्यावरून होडी समुद्रात आत गेली की पूर्वेला सह्याद्रीची रांग दिसते. तिच्यात बैलाच्या वशिंडासारखा एक सुळका आहे. तो गावातल्या मोठ्या सुरूच्या झाडाच्या बरोबर मागे आला की खाडीचं तोंड समोर आलं असं समजायचं. वडिलांनी आयुष्यभर त्याच खुणेवर होडी घरी आणली. त्यांचा खांदा निखळल्यावर होडी माझ्या थोरल्या भावाकडे गेली आणि वडील घरी बसले. त्याच आश्विनात ते एकदम म्हणाले, “माका तो डोंगर जवळसून बघूचो आसा.”

डोंगराच्या पायथ्याचे एक गृहस्थ दरवर्षी आमच्याकडे सुकी मासळी न्यायला यायचे. त्यांना मी काका म्हणायची. त्यांनी वाट दाखवायचं कबूल केलं. मी तेव्हा अकरावी होऊन घरीच होते. “मी पण येतंय,” म्हटल्यावर आई उसळली.

“चेडवाक घेवन रानात रवतलात? लोक काय म्हणतले?”

“लोक खंय येतत आमच्यावांगडा?” वडील म्हणाले, आणि मी निघाले.

एसटीने कणकवली, तिथून बैलगाडीने काकांचं गाव आणि पुढे पायी. तंबू म्हणून वडिलांनी होडीचं जुनं शीड घेतलं होतं. संध्याकाळी ओढ्याकाठी दोन झाडांमध्ये ते बांधलं. शिडाला वर्षानुवर्षांचा मासळीचा वास. अंधार पडायच्या आत त्यावर लाल मुंग्यांची रांग लागली. काकांनी चुलीतली राख भोवती पसरली, तरी रात्रभर आम्ही एकेक मुंगी अंगावरून झटकत होतो. वडिलांना झोप नव्हतीच. लाटांचा आवाज नाही म्हणून कान दुखतात, असं ते म्हणाले.

सकाळी मी आणि वडील ओढ्यावर तोंड धुवायला गेलो. पलीकडच्या कारवीतून गवा बाहेर आला. काळा, प्रचंड, पाय मात्र गुडघ्यापर्यंत पांढरे. त्याच्यामागे आणखी तीन. मागून काकांचा हळू आवाज आला, “हलू नकात. पानी पियान जातले.”

वडिलांनी माझं मनगट धरलं. ज्या माणसाला मी वादळातून हसत परतताना पाहिलं होतं, त्याची नखं माझ्या कातडीत रुतत होती. मला भीती वाटायची ती राहूनच गेली. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. गवे पाणी प्यायले आणि निवांत निघून गेले. वडील तिथेच दगडावर बसले.

“येवढा मोठा जनावर,” ते म्हणाले, “आनी आवाज कायच नाय.”

गवे त्याच वाटेने वर गेले होते, म्हणून त्या दिवशी चढ जमला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो आणि ऊन तापायच्या आत एका उघड्या कातळावर पोचलो. वडिलांनी दम घेतला आणि चहूकडे पाहिलं.

“सुळको खंय?”

“तेच्यारच बसलव आपण,” काका म्हणाले.

वडिलांना ते पटेना. वशिंड कुठे? इथे तर नुसता कातळ, सुकत आलेलं गवत आणि खाली झाडी. पश्चिमेला धूसर होतं. समुद्र म्हणजे एक फिकट पट्टी. त्यांनी तिच्यात आमची खाडी शोधली, सापडली नाही. मला वाटलं ते खट्टू होतील. त्यांनी पिशवीतला नारळ काढला, समुद्राला वाढवतात तसा कातळावर वाढवला, आणि पाणी सांडल्या जागी हात टेकून नमस्कार केला. मग आम्ही तिघांनी गुळाबरोबर खोबरं खाल्लं.

उतरताना मात्र त्यांचे गुडघे गेले. होडीत जन्म काढलेल्या पायांना उताराची सवय नव्हती. काकांच्या खांद्यावर हात टाकून ते कसेबसे गावात आले, आणि काकांच्या घरी आम्हाला अडकून पडावं लागलं. काकी त्यांच्या गुडघ्यांना गरम तेल चोळायच्या आणि भातकापणीला जायच्या. घरात बसून करमेना, म्हणून मीही विळा घेऊन त्यांच्यामागे गेले. पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं. काकींनी पदराची चिंधी फाडून बांधली आणि म्हणाल्या, “बस थंय बांधार.” मी बसले नाही; चिंधी बांधल्या बोटानेच भाताची पुढची मूठ धरली.