कानाला लागणारा हात

आमच्या वेळी गावच्या शाळेत जन्मतारखेला फारसं कुणी विचारत नसे. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला, की पोर शाळेजोगं झालं.

माझ्या लेकीचं, मनूचं, वय नियमात जेमतेम बसतंय. यंदा घालायचं की वर्षभर थांबायचं, यावर घरात महिनाभर खल चाललाय. थांबलो तर मागे पडेल, घातलं तर बावरेल. फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस.

आज न राहवून तिला म्हटलं, “असा कान धर बघू.” बोटं कानाच्या जरा वरच अडली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिनं हळूच मान वाकडी केली, खांदा उचलला आणि कान पकडला.

“लागला बघ, बाबा!”

ती तशीच उभी. मान सरळ कर, म्हणायला माझी जीभ रेटेना.