रेडिओ जुंपून पाहिला

"आबा, हा लाल बटणाचा घ्या. अडचणीत नुसतं दाबायचं, बाकी सगळं तो करतो."

जळगावच्या दुकानात काउंटरवर तीन रेडिओ मांडले होते. दुकानदार योगेशभाऊ, मूळचा पारोळ्याचा. लाल बटणाचा सेट सगळ्यात देखणा होता. मलाही तोच आवडला होता.

"दाबलं तर ऐकतो कोण?" मी विचारलं.

"समुद्रात असाल तर आजूबाजूची जहाजं, किनाऱ्यावरची ठाणी."

"आणि तापीत?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "तापीत कोणी नाही."

तो सेट मीच बाजूला सारला.

मी धरणाच्या फुगवट्यात मशीनची नाव चालवतो. शाळा दुसरीत सुटली, पण या पाण्यात माझ्याएवढी नाव कोणी चालवलेली नाही. आमच्या घाटावर आरोग्य उपकेंद्र आहे, तिथपर्यंत अँब्युलन्स येते. पाण्याने पुढे गेलं की एक वळण, वळणावर टेकाड, आणि टेकाडाआड सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा. तिकडे मोबाईलला रेंज नाही. म्हणून नावेवर व्हीएचएफ, म्हणजे जहाजावर असतो तसला बोलायचा रेडिओ. एक सेट नावेवर, दुसरा उपकेंद्रात मनीषा सिस्टरपाशी.

जुना सेट टेकाडाआड गेलं की नुसता खरखरायचा. पाड्यावरच्या शेवंताला पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या, तेव्हा मी वळणावरून ओरड ओरड ओरडलो. निरोप गेलाच नाही. घाटावर आलो तर अँब्युलन्स नाही. ते बाळ राहिलं नाही.

आता शेवंताचे पुन्हा दिवस भरत आले होते, आणि तो सेटही पाणी शिरून जळाला. आरोग्य खात्याच्या ऑफिसने सांगितलं, टेकाडाआडून बोलणं होईल असा रेडिओ बसवा, तोवर नाव वळणापुढे न्यायची नाही.

काउंटरवर आता दोन उरले. एक हातात धरायचा, पाच वॉटचा. पाण्यात पडला तर तरंगतो. दुसरा नावेला पक्का बसवायचा, पंचवीस वॉटचा, इंजिनाच्या बॅटरीवर चालणारा. वॉट म्हणजे आवाज फेकायचा जोर.

"पंचवीसचा बांधून दे," मी म्हणालो. मग वाटलं, जुनाही पंचवीसचाच होता. "थांब. बांधू नको. दोन्ही घेऊन घाटावर ये."

"आबा, दुकानातली वस्तू अशी बाहेर नेऊन दाखवत नाहीत."

"तू पारोळ्याचा ना? जुंपाबिगर बैल कोनी लेस का रे भाऊ?"

तो हसला. बाजारात बैल नुसता दात बघून कोणी घेत नाही. गाडीला जुंपतात, चार पावलं चालवतात, मग बोलणं. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. रविवारी दोन्ही खोकी घेऊन आला.

सिस्टर उपकेंद्रात सेटपाशी बसल्या. आम्ही दोघं निघालो. हातातला रेडिओ वळण यायच्या आधीच गप्प झाला. पंचवीसचा नावेवरच्या जुन्याच अँटेनाला जोडला. वळणापर्यंत झकास, टेकाडाआड गेलो की तीच खरखर. नवा बैलही तिथेच बसला.

योगेशभाऊने सेटकडे बघितलंच नाही. वर बघितलं. "आबा, अँटेना इतकी खाली का बांधली?"

"वर देवीचं निशाण आहे. नावेवर त्याच्यापेक्षा उंच काही जायचं नाही. माझ्या बापापासूनची रीत आहे."

"या रेडिओचा आवाज सरळ जातो. टेकाड ओलांडून वाकत नाही. अँटेना टेकाडावरून बघेल एवढी उंच हवी. नाहीतर सेट कोणताही घ्या, सारखाच."

"निशाण खाली येणार नाही."

"मग बोलणंही होणार नाही."

मी नाव माघारी वळवली. घाटावर सिस्टरने दोघांची तोंडं बघितली आणि काय झालं ते विचारलं. योगेशभाऊने सांगितलं. त्या देवपूरच्या, बोलायला खणखणीत.

"आबा, देवीला खाली आणा असं कोण म्हणतंय? तिलाच वर न्या की. अँटेना तिच्या खाली राहील."

घरी गेलो आणि मांडवाचा सगळ्यात लांब बांबू घेऊन आलो. शेंड्याला निशाण, त्याच्या खाली अँटेना, आणि खाली दोन जागी दोरीचा ताण दिला. नारळ फोडला. पुन्हा वळणाआड गेलो.

"सिस्टर, ऐकू येतंय का?"

"बठ्ठं ऐकू येस, आबा. तुम्ही फक्त ओरडू नका."

योगेशभाऊ म्हणाला, आता कमी जोराचा सेटही चालून जाईल. मी पंचवीसचाच ठेवला. गोल बटण मोठं आहे, ओल्या हाताने फिरतं.

पुढच्याच आठवड्यात शेवंताला नावेत घेतलं. टेकाडाआडून एकदाच बोललो, तेही हळू. घाटावर आलो तेव्हा अँब्युलन्सचं मागचं दार उघडून ठेवलेलं होतं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

ज्याला नावेसाठी रेडिओ घ्यायचा असेल त्याने आधी अँटेनाची काठी बघावी, मग दुकान. निशाण अजून सगळ्यात वर आहे. अँटेनापेक्षा वीतभर उंच.