कॉफीच्या बरणीतलं अमाइन

आमच्या काकांना कारखान्यात 'आधी चष्मा' म्हणून ओळखतात. गोदामाच्या दारात साहेब येवोत नाहीतर साहेबांचे साहेब, काका हात आडवा घालणार आणि म्हणणार, "आधी चष्मा." चष्मा म्हणजे डोळ्यांभोवती चारी बाजूंनी घट्ट बसणारा, पोहणारे लावतात तसला. तो लावला की भला माणूस बेडकासारखा दिसतो आणि काकांचा जीव भांड्यात पडतो. घरी भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी त्यांना तोच लागतो. काकू म्हणते, "लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा नव्हता, नाहीतर तिथेही लावून बसले असते."

कारखाना कपडे मऊ करणाऱ्या निळ्या औषधाचा. धुणं झालं की शेवटच्या पाण्यात झाकणभर टाकायचं असतं ते. त्याचा कच्चा माल म्हणजे अमाइन. ते पिंपांतून येतं आणि गारठ्यात मेणासारखं घट्ट होतं. काका ती पिंपं गरम खोलीत ठेवतात, वितळलं की पंपाने पुढे सोडतात. झाकण उघडलं की शिळी मासळी आणि मुतारी यांचा संसार थाटल्यासारखा वास येतो. पण वासापेक्षा त्याची लबाडी वाईट. ते लगेच झोंबत नाही. हाताला लागलं तर आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं. माणूस म्हणतो, "हात्तिच्या, एवढंच?" आणि मग थोड्या वेळाने कातडी भाजल्यासारखी सुटू लागते. नवीन माणूस आला की काका बाही वर करून मनगटावरचा पांढरा, गुळगुळीत डाग दाखवतात. हातमोज्याची कड दुमडायची राहिली होती, हात वर केला आणि ओघळ सरळ आत गेला.

"यावर औषधं तीन," ते सांगतात. "पाणी, पाणी आणि पाणी. लिंबू नाही, दूध नाही, आजीने सांगितलेलं काहीच नाही. नळाखाली उभं राहायचं. कंटाळा आला की आणखी तेवढंच उभं राहायचं."

कामासाठी या शहरात आल्यापासून मी त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे हे प्रवचन मला झोपेतही म्हणता येतं. काकूला तर काना-मात्रेसकट. ती घरी शिवणकाम करते. तिच्या वयाच्या बायका सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरांना हाका मारतात. ही मात्र खिडकीशी सुई धरते आणि एका फटक्यात दोरा पार. या डोळ्यांचा तिला भारी तोरा. "सगळं म्हातारं झालं, हे दोन तेवढे अजून लग्नाच्या वयाचे आहेत," असं गिऱ्हाइकांना सांगते.

त्या दुपारी काकांना सुट्टी होती. मी स्टुलावर उभा राहून पडद्याची दांडी धरली होती आणि काका अर्थातच चष्मा लावून स्क्रू पिळत होते. काकू न्हाणीघरात एका गिऱ्हाइकाचे पडदे धूत होती. तेवढ्यात "आई गं!" एवढंच ऐकू आलं. नंतर बादली कलंडली.

आम्ही धावलो. काकू भिंतीला टेकून बसली होती, उजव्या डोळ्यावर मूठ दाबून. शेजारी कॉफीची जुनी बरणी उघडी पडली होती. ती बरणी मी कित्येकदा पाहिली होती. कामगारांना कारखान्यातून निळं औषध थोडंफार मिळायचं, ते काका त्याच बरणीत आणायचे.

"या वेळी ढेपच होती, वासही भलता," काकू कण्हत म्हणाली. "विरघळेना, म्हणून कोमट पाण्यात बोटांनी कुस्करली. फुटली आणि डोळ्यात उडाली. लागत नव्हतं आधी. आता... आता आग होतेय हो."

मी काकांकडे पाहिलं. ते बरणीकडे बघत होते. चष्मा कपाळावर सरकवलेला आणि चेहरा असा, की कुणीतरी आतलं सगळं रक्त काढून घेतलंय. आयुष्यभर लोकांना 'पाणी, पाणी' शिकवणारा माणूस नळापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याचा हात नळाकडे जात नव्हता. मी हाक मारली. ऐकलं नाही. मला तर पुढे काय करायचं तेच सुचेना.

"अहो!" काकूच ओरडली. "बघताय काय? तुमचं ते पाणी पाणी कारखान्यातच ठेवून आलात का?"

मग ते हलले. तिचं डोकं नळाखाली धरलं, चांगला डोळा वरच्या बाजूला राहील असं तिरकं केलं आणि दोन बोटांनी पापण्या फाकवल्या. काकू हातपाय झाडत होती. सासरच्या चार पिढ्यांचा उद्धार झाला. काका प्रत्येक शिवीला "हो, हो" म्हणत होते आणि पाणी सोडत होते. मध्येच वरच्या मजल्यावरच्या आजी दुधाचं भांडं घेऊन आल्या. "डोळ्यात दूध घाला, थंडावा मिळेल."

"आजी, ते चहात घाला!" काका खेकसले. "पाणी आणा, पाणी!"

तोंडातून शब्द पडायला आणि नळाने घुर्र करायला एकच गाठ पडली. गच्चीवरची टाकी रिकामी. मी कळशी घेऊन जिन्याने पळालो. पुढचं आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो: प्रत्येक दार उघडलं. पिण्याचं, धुण्याचं, कुणाचं झाडांसाठी भरून ठेवलेलं, सगळं पाणी जिन्यावरून हातोहात खाली आलं. एरवी कचऱ्याच्या डब्यावरून वर्षभर अबोला धरणारी माणसं एकमेकांच्या हातात बादल्या देत होती. काका तांब्याने धार सोडत राहिले. शेजाऱ्यांनी बोलावलेली गाडी आली तरी थांबेनात. "पाच मिनिटं आणखी," म्हणाले. गाडीतही मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन ते बाटलीने पाणी सोडतच होते.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काय गेलं डोळ्यात?"

"साबण," काका म्हणाले. "कपड्यांचा."

मी चपापलो. मला वाटलं, घाबरलेत, तोंडून भलतंच गेलं. पण ते माझ्याकडे बघेनात. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की बरणीत काय होतं हे या माणसाला पक्कं ठाऊक आहे.

बाईंनी आम्ल-क्षार तपासायची एक छोटी कागदी पट्टी काकूच्या पापणीच्या कडेला टेकवली. पट्टी गडद निळी झाली. बाईंनी ती काकांसमोर धरली. "साबणाने एवढं होत नाही. नक्की काय ते सांगा. इथे वेळ घालवण्यात कुणाचा फायदा नाही."

काका ओल्या बाह्या पिळू लागले. मी म्हणालो, "काका?"

"अहो, सांगा ना," काकू पलंगावरून म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजी कितीला आणली विचारल्यासारखा. "डोळा माझा आहे. मला तरी कळू दे काय होतं त्यात."

मग ते बोलले. निळ्या औषधाचं यंत्र बिघडून बंद होतं, म्हणून महिनाभर कामगारांना काही मिळालं नव्हतं. काकू म्हणत होती, पडदे पत्र्यासारखे होतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं. एका रिकाम्या पिंपाच्या झाकणाला अमाइनचा थर चिकटला होता. त्यांनी तो खरवडून बरणीत भरला. "शेवटी त्याचंच तर औषध होतं," ते म्हणाले. "म्हटलं, थोडंसं टाकलं तर काय बिघडतं."

अमाइन भट्टीत दुसऱ्या रसायनाबरोबर तासन्‌तास शिजतं, त्याचा जहाल स्वभाव तिथे मरतो आणि मग कुठे ते झाकणभर टाकण्याजोगं होतं, हे मला कुणी शिकवलं होतं? यांनीच. जेवताना, ताटात बोटाने रेघा काढून. आणि तेच जहाल अमाइन यांनी जुन्याच बरणीत भरून बायकोच्या हातात दिलं होतं, हातमोजे नाहीत, चष्मा नाही, एक शब्द नाही. वर दवाखान्यात साबण म्हणून सांगितलं, कारण फाटकाबाहेर माल नेला की नोकरी जाते.

बाई मात्र एकाच शब्दावर थांबल्या. "थर? म्हणजे मेणासारखं चिकट?"

"हो."

"मग आत अडकलेलं असणार." त्यांनी वरची पापणी काडीवर उलटी केली. आतल्या बाजूला साबुदाण्याएवढा पांढरट कण चिकटलेला होता. एवढं पाणी वाहून गेलं तरी तो तसाच बसून आपलं काम करत होता. बाईंनी तो ओल्या कापसाने अलगद काढला आणि नळीने पुन्हा धुवायला घेतलं, नवी पट्टी निळी व्हायची थांबेपर्यंत. "हा आणखी तासभर राहिला असता तर मी काही करू शकले नसते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड हातमोजे घालून बरणीचं झाकण घट्ट लावलं, ती एका डब्यात ठेवली आणि डबा कारखान्यात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. गटारात ओतून मोकळं होता आलं असतं. पण ते नदीत गेलं की मासे मरतात, हेही यांचंच शिकवणं. काय केलं ते सगळं सांगितलं. साहेबांनी त्यांना घरी बसायला सांगितलंय, चौकशी चालू आहे.

मला वाटलं होतं, झाला तेवढा धक्का पुरे. पण त्याच संध्याकाळी, काकूला ठेवलं होतं त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काकांचे कारखान्यातले दोन सोबती आले. आधी तब्येत विचारली, मग हवापाणी, मग एकाने माझ्याकडे पाठ करून काकांना हळूच विचारलं, "आमच्याकडेपण आहे एक बरणी. तुम्ही नेलं म्हणजे चालत असेल असं वाटलं. बायकोने धुण्याच्या साबणाशेजारीच ठेवलीय. काय करू?"

दुसऱ्याने फोन काढला आणि घरी लावला. "ती बरणी," तो म्हणाला, "कोणी हात लावू नका. पोरांना बाहेर घेऊन जा. मी येतो." आणि जिन्याकडे पळत सुटला.

आठवड्याने डोळ्यावरची पट्टी सुटली. बाई म्हणाल्या, बुबुळावर धूसर चट्टा आहे. काही महिन्यांत विरेल, कदाचित थोडा राहीलही. सुईदोऱ्याचं आत्ताच सांगता येणार नाही. मग डावा डोळा झाकून त्यांनी काकूला विचारलं, "काय दिसतंय?"

काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. आठवडाभरात त्यांनी तिच्याशी एक वाक्य धड पुरं केलेलं मी ऐकलं नव्हतं.

"धुकं," काकू म्हणाली. "आणि धुक्यात एक माणूस उभा आहे."

"कोण आहे, ओळखता येतंय?"

काकूने मान थोडी पुढे काढली.

"अंगकाठी आमच्या ह्यांचीच आहे," ती म्हणाली. "पण आता खात्रीने सांगता येत नाही, बाई."