मात्सूच्या गालावरची काजळी

अमेरिकेत, सांता क्लारातल्या त्या अपार्टमेंटमध्ये शैलजाकाकू प्रसिद्ध होत्या त्या स्वच्छतेसाठी. सोलापुरात शाळेत शिकवून बाई निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलाने इकडे आणलं. पण हातातलं फडकं काही सुटलं नाही. मुलगा-सून कामाला गेले की घर खायला उठायचं. बोलायला माणूस एकच, शेजारच्या तैवानच्या लिनबाई. दोघींचं इंग्रजी यथातथाच, पण चहा आणि हातवारे यांवर गप्पा झकास रंगायच्या.

लिनबाई गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या, तेव्हा किल्ली काकूंकडे देऊन गेल्या. काम एवढंच, रोज मात्सूपुढे उदबत्ती लावायची. मात्सू म्हणजे समुद्रावरच्या माणसांना तारणारी त्यांची देवी. मूर्ती लाकडी, लिनबाईंच्या पणजीची. मुकुटाला मण्यांची झालर, चेहरा काळाकुट्ट. शेजारी दोन राखणदार. एकाचा हात कपाळाशी, त्याला म्हणे हजार कोसांवरचं दिसतं. दुसऱ्याचा कानाशी, त्याला वाऱ्यावरची कुजबुजही ऐकू येते.

रोज उदबत्ती लावताना काकूंचा जीव तुटायला लागला. आपण सणावाराला देव लख्ख करतो, आणि या बिचारीच्या तोंडावरून कुणी ओला हातही फिरवू नये? लिनबाई घरी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी खोबरेल तेल आणि कापूस घेतला. एक गाल हलकेच पुसला, तर काजळीखालून गुलाबी रंग निघाला! काकू हरखल्या. फोटो काढून त्यांनी सुनेला, शिवांगीला, पाठवला.

शिवांगीचा फोन लगेच आला. "आई, थांबा! टच करू नका!" तिने ऑफिसात बसल्या बसल्या मात्सूबद्दल वाचून काढलं होतं. "अहो, ती घाण नाहीये. पिढ्यान् पिढ्यांच्या उदबत्त्यांचा धूर आहे तो. देवी जितकी काळी, तितकी जास्त पुजलेली."

अगं बाई, हे काय करून बसले मी! अख्खा चेहरा काळा, एक गाल गुलाबी. आणि ते दोन राखणदार! एकाने सगळं बघितलं होतं, दुसऱ्याने फोनही ऐकला होता. काकूंना त्यांच्याकडे बघवेना. काळा झालेला कापूस तेवढा त्यांनी डब्यात भरून ठेवला. देवाच्या अंगावरचं कचऱ्यात टाकायचं नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. लिनबाई दुरावल्या, तर या परक्या मुलुखात आपलं म्हणून कोण उरणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉकर टेकत लिनबाई आल्या. काकू दारातच "सॉरी, सॉरी" म्हणत राहिल्या. लिनबाई सरळ देवीपुढे गेल्या. गुलाबी गालावरून त्यांनी बोट फिरवलं.

"इथे माझी आई होती," त्या म्हणाल्या. "तिची आई होती." मग मान न वळवता म्हणाल्या, "तू घरी जा."

काकूंना वाटलं, संपलं सगळं. रडतरडत त्यांनी डबा पुढे ठेवला. "टाकला नाही मी. देवीचं आहे ना. टाकवेना."

लिनबाईंनी झाकण उघडलं. आत तो काळा कापूस. डबा नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला आणि त्यांचाही बांध फुटला. पणजीने गावच्या देवळातून मूठभर राख आणली होती, तिच्यावरच देवीपुढचं उदबत्त्यांचं भांडं सुरू झालं होतं. तो कापूस लिनबाईंनी त्या राखेवर ठेवला आणि पेटवला. तेलाने तो भसकन जळला, काळा धूर वर चढला आणि गुलाबी गालाला लागला.

मग त्यांनी दोन उदबत्त्या पेटवल्या. एक स्वतः घेतली, दुसरी काकूंपुढे धरली. "रोज यायचं," त्या दटावून म्हणाल्या. "तो गाल आता तुझा."

काकूंनी ती दोन्ही हातांनी घेतली. लिनबाईंनी ते हात धरले आणि दोघींनी मिळून उदबत्ती राखेत रोवली.